खुंटीवरची पिशवी

थंडीत नानांच्या हातांची बोटं आधी पांढरी पडायची, मग निळी. वडिलांना आम्ही नाना म्हणतो. धारला आमच्या गल्लीत रामाचं एक लहानसं देऊळ आहे. त्याची पूजा संस्थानच्या काळापासून आमच्या घरात आहे. मार्गशीर्ष लागला की पहाटे पाचला काकडआरती, गार पाण्याचा अभिषेक, चंदन उगाळणं, सगळं त्याच बोटांनी करायचं. त्यात वीस वर्षांचा मधुमेह. एका हिवाळ्यात त्यांच्या हातून निरांजन पडलं. आरतीला चारच माणसं होती. घरी आल्यावर नाना म्हणाले, "पुढल्या वर्षी हात असेच राहिले तर पूजा सोडावी लागेल." त्यांच्यामागे पूजा माझ्या बदनावरच्या चुलतभावाकडे जायची होती, ते ठरलेलंच होतं. पण आपल्या डोळ्यांदेखत ती दुसऱ्याच्या हातात जाणं नानांना सोसणार नव्हतं. मलाही नव्हतं, म्हणून मी मध्ये पडले.

मी देवासला एका औषधांच्या कारखान्यात तपासणी विभागात आहे. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका काढायच्या, हेच माझं काम, आणि स्वभावही तसाच झालाय. पुढच्या दिवाळीनंतर मी हात गरम ठेवायच्या दोन डब्या ऑनलाइन मागवल्या. तळहातात मावेल अशी चपटी धातूची डबी, आत कापूस. कापसात लायटरचं पेट्रोल ओतायचं, तोंडाच्या जाळीला काडी दाखवायची. ज्योत न लागता डबी नुसती तापत राहते. वरून घालायला मऊ कापडाची पिशवी मिळते. एक डबी महागडी, जपानी होती. दुसरी तिची स्वस्त नक्कल.

पेट्रोल पानाच्या दुकानातून आणलं. तिसऱ्यांदा गेले तेव्हा दुकानदार आवाज खाली आणून म्हणाला, "दीदी, बुरा मत मानना, पन इत्ती सिगरेट ठीक नी है." मी त्याला डबीबद्दल सांगितलं. त्याचा विश्वास बसला नाही.

आठ दिवस मी दोन्ही डब्या कोटाच्या खिशांत घालून हिंडले. उजवीकडे जपानी, डावीकडे नक्कल. वहीत रकाने आखले: पेटायला किती वेळ, किती तापते, किती टिकते, वास किती. नक्कल दुपारच्या डब्याच्या वेळेपर्यंत कोमट व्हायची. दोनदा मधेच विझली, आणि वास असा की कारखान्याच्या बसमध्ये शेजारच्या बाईने खिडकी उघडली. जपानी डबी आज सकाळी पेटवली की उद्या सकाळीही गरम. खाली मी निकाल लिहिला: जपानी चांगली, जास्त तापते. ते वाक्य आज वाचलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते. दोन्ही डब्या आठही दिवस पिशवीत होत्या. पिशवीशिवाय किती तापते, असा रकाना मी आखलाच नव्हता.

जपानी डबी धारला नेऊन दिली, दोन्हींची परीक्षा कशी घेतली ते नानांना सांगितलं, भरायची कशी ते दाखवलं आणि मोठ्या अक्षरांत एक चिठ्ठी लिहिली. मी हिंदी शाळेत शिकलेली, माझ्या मराठीचा आनंदच. 'डबी थैलीत ठेऊनच वापरणे.' नानांनी लगेच लाल पेन्सिल घेतली, 'ठेऊन'चं 'ठेवून' केलं, 'थैली' खोडून 'पिशवी' लिहिलं आणि चिठ्ठी देवघराच्या दाराला चिकटवली. म्हणजे सूचना त्यांनी नीट वाचली होती.

पहिल्या आठवड्यात फोन आला. "अगं, आज चंदन किती भरभर उगाळलं म्हणून सांगू!" नाना फोनवर इतकं मोठ्याने कधी बोलत नाहीत. पंधरा दिवस मी प्रयोगशाळेत जणू डबी मीच शोधून काढली अशा थाटात वावरत होते.

मग आईचा फोन आला. "नानांच्या डाव्या हाताला वास येतोय."

मी त्याच दिवशी पोचले. डाव्या हाताची करंगळी आणि अनामिका आतल्या बाजूने भाजलेल्या वांग्यासारखी झाली होती. उजव्या हाताने पूजा आणि जप चालायचा, तोवर डाव्या मुठीत डबी.

"पिशवी कुठंय?" मी विचारलं.

"खुंटीवर."

"खुंटीवर का?"

"सोवळ्यात शिवलेलं कापड कसं घेऊ? धातूला दोष नसतो," नाना मला समजावून सांगू लागले, मी सात वर्षांची असल्यासारखं.

"चटका बसला नाही तुम्हाला?"

"ऊब लागत होती. किती दिवसांनी त्या हाताला काही लागलं."

इंदूरला डॉक्टर म्हणाले, "इनको पता ही नहीं चला होगा. शुगर में ऐसा हो जाता है." मग त्यांनी विचारलं, ही वस्तू दिली कोणी. मी दिली, असं मी सांगितलं.

दवाखान्याच्या व्हरांड्यात मी आईवर ओरडले. रोज पिशवी खुंटीवर दिसत होती, मग तू बोलली का नाहीस? आई भांडली नाही. एवढंच म्हणाली, "तूही याच घरात वाढलीस ना?"

तेच खरं होतं. सोवळ्यात काय चालतं, काय नाही, हे मला चालता येण्याआधीपासून ठाऊक आहे. लहानपणी बाहेरच्या फ्रॉकने त्यांच्या सोवळ्याच्या मुकट्याला हात लावला म्हणून रडेपर्यंत बोलणी खाल्ली आहेत. आईच्या जुन्या रेशमी सोवळ्याचा हातभर तुकडा डबीला गुंडाळून दिला असता तरी भागलं असतं. मी पेट्रोल मोजलं, तास मोजले, आणि माणूस कोण आहे हे विसरले. याबद्दल मी स्वतःला माफ केलेलं नाही.

दोन बोटं काढावी लागली. अनामिका गेली, म्हणजे दर्भाचं पवित्रक घालायचं बोट गेलं. नानांना पूजा सोडा असं कोणीही म्हटलं नाही. तेच म्हणाले, "व्यंग असलेल्याने मूर्तीला हात लावू नये."

मी भडकले. "देव काय तुमची बोटं मोजत बसलाय?"

"देव नसेल मोजत. मी मोजतो."

बदनावरहून चुलतभाऊ आला. नानांनी गाभाऱ्याची किल्ली उजव्या हाताने त्याला दिली.

यंदा पौषात गेले तेव्हा पहाटे त्यांच्याबरोबर देवळात गेले. आरती चुलतभाऊ करत होता. नाना सभामंडपात, त्या चार माणसांत उभे होते. अंगात सदरा, वर स्वेटर, कानाला मफलर. देवळात त्यांना शिवलेल्या कपड्यांत मी जन्मात पाहिलं नव्हतं. घरी येताना त्यांनी डाव्या हाताची उरलेली तीन बोटं काखेत धरली होती.

चहा पिताना म्हणाले, "तुझ्याकडे ती दुसरी डबी होती ना गं? कमी तापणारी?"

"आहे."

"ती आण पुढच्या वेळी. पिशवीसकट आण. आता चालते मला."