आबांच्या आसनाचा तुकडा

नववीत असताना मी आबांच्या आसनाचा तुकडा कापला. आबा म्हणजे आईचे वडील. ते धारला मामा-मामींकडे राहत. आम्ही देवासला होतो, बाबा तिथल्या एका कारखान्यात होते.

ते आसन म्हणजे चित्त्याचं कातडं होतं. आबांच्या वडिलांच्या काळी संस्थानात शिकारीसाठी चित्ते पाळत आणि ते त्या खात्यात कारकून होते. एक चित्ता म्हातारा होऊन मेला, त्याचं कातडं त्यांना मिळालं. तेव्हापासून घरात संध्येला तेच आसन. आबा रोज सकाळी ते पसरत, कडेवरून एकदा हात फिरवत आणि मगच बसत. लहानपणी त्यांनी माझं बोट धरून ठिपक्यांवर टेकवलं होतं. "हा भरीव आहे बघ. बिबट्याचा मधून पोकळ असतो."

त्या वर्षी वर्तमानपत्रांत येत होतं की देशातून नाहीसा झालेला चित्ता क्लोनिंगने परत आणता येईल का. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी मी तोच विषय घेतला. मी वर्गात इंग्रजी आणि घरात मराठी बोलायचे, आणि दोन्हीकडे कमीच. वाटलं, खरा नमुना समोर ठेवला तर मला फार बोलावं लागणार नाही.

दिवाळीच्या सुट्टीत धारला गेलो. एका दुपारी आबा झोपलेले असताना मी मामीच्या शिवणाच्या कात्रीने मागच्या पायाकडचा दोन बोटं रुंद तुकडा कापला. कातडं वाटलं होतं त्यापेक्षा कडक होतं, कात्री दोनदा अडकली. तुकड्यावर एकच ठिपका आला. तो मी कॅमेऱ्याच्या रोलच्या रिकाम्या डबीत ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कडेवरून फिरणारा आबांचा हात थांबला.

"उंदीर लागलेला दिसतोय."

मामी हात पुसत आली. "एवढंसंच तर आहे. मी टाका घालून देते."

"टाका घातला तरी खंडित ते खंडितच. त्यावर बसत नाहीत."

"मग काय करायचं?"

"मैयाला द्यायचं, दुसरं काय."

मूर्ती असो की आसन, पूजेतली खंडित झालेली वस्तू आमच्याकडे नर्मदामैयात सोडतात. कापताना मला हे माहीत नव्हतं. पुढे बरीच वर्षं मी स्वतःला तेवढंच सांगत राहिले. पण त्या सकाळी मी दारात उभी राहून सगळं ऐकलं होतं आणि डबी माझ्या बॅगेत होती. आम्ही देवासला परतल्यावर आबा बसने खलघाटला जाऊन आसन नर्मदेत सोडून आले.

प्रदर्शनात मी तुकडा काचेखाली ठेवला. परीक्षक म्हणून आलेले एक प्राध्यापक त्याच्यावर वाकले.

"ओरिजिनल है? कहाँ से मिला, बेटा?"

"डोनेशन में, सर."

त्यांनी समजावलं की क्लोनिंगला जिवंत पेशी लागतात, आणि मीठ-चुना लावून कमावलेल्या कातड्यात त्या उरत नाहीत. "इससे चीता तो नहीं बनेगा. पर आइडिया बढ़िया है." मला तिसरं बक्षीस मिळालं.

आईने लगेच धारला फोन लावला आणि रिसीव्हर माझ्या हातात दिला.

"विषय काय होता?" आबांनी विचारलं.

"चित्ता."

"अस्सं. आणि लोकांना दाखवलंस काय?"

"चित्र काढलं होतं."

"बरं."

मला धड मांजरही काढता येत नाही, हे त्यांना माहीत होतं.

त्यानंतर आबा घडी घातलेल्या घोंगडीवर बसत. बसण्याआधी हात तिच्याही कडेवरून फिरे. मी धारला गेले की त्या वेळी स्वयंपाकघरात थांबायची.

कॉलेजच्या शेवटच्या वर्षी एकदा टीव्हीवर पुन्हा तीच बातमी लागली, चित्ता परत येणार का. आबांना तोवर नीट दिसत नव्हतं, ते नुसतं ऐकत होते. मामी भाजी निवडत होती. मी आत जाऊन बॅगेतून डबी आणली, झाकण काढलं आणि तुकडा त्यांच्या तळहातावर ठेवला. काय बोलायचं ते मी धारच्या बसमध्ये पाठ केलं होतं. त्यातलं एक अक्षर आठवेना.

आबांनी अंगठ्याने केस चाचपले, मग कापलेली कड. कात्री अडकली होती तिथे कड दोनदा वाकडी गेली होती. तिथे त्यांचा अंगठा जरा थांबला.

"उंदीर तू होतीस तर," ते म्हणाले. "मी महिनाभर पिंजरा लावला होता. तीन धरले. फुकट गेले बिचारे."

मामी मोठ्याने हसली. आबाही हसले आणि त्यांनी तुकडा माझ्या हातात परत दिला. मी तो डबीत ठेवू लागले, पण इतकी वर्षं सहज लागणारं झाकण काही केल्या बसेना.