नकाराची चाचणी

संगणकाच्या पडद्यावर चित्र उमटवणाऱ्या प्रोग्रामला, म्हणजे ड्रायव्हरला, आम्ही चाचणी घेणारे मुद्दाम नकार देऊन बघतो. तो मेमरी मागत जातो आणि आम्ही मध्येच एकदा नाही म्हणतो. अशा वेळी त्याने आधी घेतलेली मेमरी परत करून निमूट थांबावं, एवढीच अपेक्षा. आज मात्र पडदा काळा पडला. शेजारच्या टेबलावरच्या वैशालीने लॉगमधल्या नोंदी चाळून कारण शोधलं. नकारानंतर तो, कधी मिळालीच नव्हती ती मेमरीसुद्धा परत करायला निघाला होता.

वैशाली त्याला तसं करायला लावणाऱ्या कोडमधल्या ओळीकडे बघत राहिली. तिचं ठरलेलं लग्न मुलाकडच्यांनी मोडलं, तेव्हा साडी, अंगठी, सगळं तिने परत पाठवलं होतं.

"आईचंही असंच चाललंय," ती म्हणाली. "नकार त्यांनी दिला आणि ही अजून त्यांना फोन करून माफी मागते."

घेतलेलं परत करणं माणसाला जमतं. न घेतलेल्याचं ओझं मात्र खाली ठेववत नाही.

वैशालीने ती ओळ खोडून चाचणी पुन्हा लावली. नकार आला, तरी पडदा उजळलेलाच राहिला.

मग तिने घरी फोन लावला. "आई," ती हळूच म्हणाली, "आता त्यांना फोन करू नकोस. त्यांचं सगळं आपण परत केलंय."