शकुनबाईनं कुत्रा निवडला

सिहोऱ्याच्या पुढं, जिथं रान धानाच्या बांध्यांना येऊन टेकतं, तिथल्या अगदी शेवटच्या घरात शकुनबाई नांदली. भित्री बाई म्हणून ती गावभर ठाऊक होती. विजेला भ्यायची, विहिरीत डोकवायला भ्यायची, आणि कुत्र्यांना तर फारच. पिसाळलेलं कुत्रं चावलेला तिचा मामा पाण्याचा तांब्या बघून कसा किंचाळायचा, ते तिनं लहानपणी दाराच्या फटीतून पाहिलं होतं. गाव हसायचं. तिनं हसू दिलं. हसण्यानं भीती जात असती तर कधीच गेली असती.

अठ्ठ्याहत्तर सालच्या हिवाळ्यात तिची लेक तुळसा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. मुलगी झाली. त्याच सुमारास भर दिवेलागणीला बिबट्यानं शेजारच्या कुंताबाईच्या आवारातून शेळी उचलली. गळ्यातली घंटी तेवढी कुंपणाला अडकून राहिली.

धान चुरण्याचे दिवस होते. या दिवसांत आमच्याकडं पुरुषमाणसं खळ्यावरच झोपतात. रास सोडून घरी येत नाहीत. म्हणजे घरात उरणार शकुनबाई, ओली बाळंतीण आणि अजून नाव न ठेवलेली पोर. बाळंतिणीची खोली मागच्या भिंतीला. भिंतीमागं न्हाणी, तिच्यामागं काट्याचं कुंपण, आणि त्यामागं रान.

शकुनबाईच्या नवऱ्यानं, धनीरामनं, दोन कुत्रे पाहून ठेवले. एक अल्सेशियन, काळातांबडा, टोकदार कानांचा. मँगनीजच्या खाणीवरचा एक साहेब बदलून जात होता, त्यानं दिला. साहेबाच्या भाषेत 'सिट' म्हटलं की तो बसायचा. दुसरा कच्छी मेंढपाळांचा, वासराएवढा, मळकट पांढऱ्या केसांचा. खतासाठी धनीरामच्या शेतात मेंढ्या बसवल्या होत्या, त्यांच्याबरोबर तो आला होता. हाक मारली तर बघायचाही नाही.

"दोन्ही ठेवता येत नाई," धनीराम म्हणाला. "एकमेकाले फाडतीन. तुले राहा लागते घरी, तूच निवड."

"अजी, मी काय निवडू? मले तं दोघाईचा भेव लागते."

कुत्र्याचा मालक, म्हातारा कच्छी, हसला. "बाई, ये भोंकता नहीं. ये काम करता है."

म्हणून पहिल्यांदा त्याचाच कुत्रा घरी ठेवला आणि अल्सेशियन खळ्यावर गेला. त्या रात्री शकुनबाईला गाढ झोप लागली. किती दिवसांनी लागली होती!

सकाळी तिनं मागचं दार उघडलं. कुत्रा न्हाणीजवळ पडून खांदा चाटत होता. एक कान लोंबत होता, छातीचे केस रक्तानं चिकटले होते. आणि बाळंतिणीच्या खोलीच्या मातीच्या भिंतीवर, पोरीचं डोकं आतून जिथं टेकलेलं असायचं त्याच उंचीवर, नखांच्या ओढी होत्या. ताज्या. खालची माती सांडलेली.

शकुनबाईनं खळ्याकडं हाका मारल्या.

खळ्यावरून धनीराम धावत आला. "पाय, बिबटाले पयवलं यानं! अन् एक आवाज नाई केला!"

"नाई केला," शकुनबाई म्हणाली.

जखमेत हळद भरायला म्हाताऱ्यानं आपला कुत्रा पालावर नेला, आणि अल्सेशियन घरी आला. धनीरामनं त्याला बैलासारखा खुंट्याला बांधला. तो दिवसभर भुंकला. चिमण्यांवर, वाळत घातलेल्या लुगड्यावर, दूध घेऊन आलेल्या कुंताबाईवर.

"शकुनबाई, हा तं तुह्यापेक्षा भेदरट निंगाला व माय!" कुंताबाई म्हणाली.

दिवस मावळला. पोर आत खाटेवर निजली होती, तुळसा मागं न्हाणीत हातपाय धूत होती. आणि कुत्रा भुंकायचा थांबला. एकदम. त्याच्या पाठीवरचे केस उभे राहिले, शेपूट पोटाखाली गेली, उभ्याउभ्या मुतला. मग त्यानं हिसका देऊन खुंटा उपटला, साखळी ओढत मागच्या उंबऱ्यापाशी आला आणि बारीक रडू लागला. शकुनबाईला रानात काहीच दिसलं नाही. पण तो आवाज तिच्या ओळखीचा होता. जन्मभर तो तिच्याच गळ्यात अडकून होता.

"तुळसे! आत ये! आत ये व!"

तुळसा ओल्या पायांनी आत पळाली. तिच्या आधी कुत्रा घुसला. शकुनबाईनं दाराचा आडणा सरकवला, तेवढ्यात मागं कुंपणाचे काटे मोडले, आणि न्हाणीत काहीतरी जड, मऊ उतरलं. तुळसानं पोरीला छातीशी दाबलं. शकुनबाई थाळी बडवत सुटली, हात दुखेपर्यंत.

लोक टेंभे घेऊन आले. न्हाणीच्या चिखलात तुळसाच्या पावलाचा ठसा होता, आणि त्या ठशावरच दुसरा, वाटीएवढा, गोल.

सकाळी म्हातारा आपला कुत्रा घेऊन अंगणात उभा राहिला. मेंढ्या पुढच्या गावी निघाल्या होत्या.

"बोल, कोणता?" धनीरामनं विचारलं.

शकुनबाईनं अल्सेशियनकडं बोट केलं.

"अव, हा मुतला! गाव हासन, भेकड बाईचा भेकड कुत्रा म्हनून."

"हासू द्या. या बाबाचा कुत्रा शूर हाये, नाई म्हनत नाई. पन तो एकलाच लढते, मले सांगत नाई. एक दिस तो मरन, अन् मी झोपूनच राहीन. मले भेणारा पायजे. भेला का रडणारा."

"समझ गया, बाई," म्हातारा एवढंच म्हणाला आणि बिऱ्हाड लादलेल्या उंटामागं चालू लागला. त्याचा कुत्रा लंगडत, मागं न पाहता, त्याच्यामागं गेला.

"अन् आयका," ती नवऱ्याला म्हणाली, "याले खुंट्याले बांधाचा नाई. रातीले घरात घ्याचा."

"बाळंतिणीच्या घरात? कुत्रा? लोक काय म्हनतीन?"

"दाराशी राहीन. पन आत."

धनीरामनं साखळी स्वतःच सोडली.

संध्याकाळी तो खळ्यावर गेला. शकुनबाईनं कंदील लावला, दोन्ही दारांना आडणे घातले आणि खोलीच्या उंबऱ्याशी बसली. कुत्रा तिच्या पायाशी आडवा झाला. बऱ्याच वेळानं तिनं हात पुढं केला, मागं घेतला, पुन्हा पुढं केला आणि त्याच्या मानेवर ठेवला. कातडीखाली त्याचं काळीज धडधडत होतं. आतून पोर कुरकुरली, तुळसानं तिला पदराखाली घेतलं.

कुत्र्याचे कान मागच्या भिंतीकडं वळले. शकुनबाईनं दुसऱ्या हातानं थाळी जवळ ओढली.