अर्धा कप

डाउनी गावातल्या ‘कॉमेट’ कॉफी शॉपचं छप्पर रस्त्याच्या बाजूला असं उसळलेलं आहे, की आता उडतंय की मग, असं वाटावं. लव्हॉन ओक्लाहोमाहून इथं कामाला आली तेव्हा तिला विसावंही लागलं नव्हतं. पहिला दिवस तिनं त्या छपराखाली मान आखडूनच काढला. माणूस तेव्हा चंद्रावर जायचा होता आणि अर्धं गाव विमानांच्या कारखान्यात होतं. पुढे कारखाने बंद पडले, नवरा गेला, मुलगी टेक्सासला संसाराला लागली. छप्पर काही उडालं नाही. लव्हॉनही त्याच्याखालीच राहिली, हातात कॉफीचं भांडं घेऊन.

“कपाचा तळ दिसला की वाढणारीची लाज गेली,” असं ती म्हणे. नको असेल त्यानं कपावर तळहात धरायचा. त्याशिवाय तिचा हात थांबत नसे.

गेल्या वर्षी इमारत पाडायची टळली. ती वारसा ठरली, दाराशी पितळी पाटी लागली. आणि नेमका त्याच सुमाराला लव्हॉनचा उजवा हात थरथरू लागला. परवा तर एकाच्या बाहीवर कॉफी सांडली.

“मिस लव्हॉन,” नवा मॅनेजर ड्वेन चाचरत म्हणाला, “सोमवारपासून तुम्ही दाराशी उभ्या राहा. आल्यागेल्याला मेनू द्यायचा, बस.”

“छप्पर गळलं तर वारसा, आणि माझा हात हलला की मी दाराशी होय रे?”

ड्वेनचे कान लाल झाले, पण शब्द काही त्यानं मागे घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी हार्लननं, कारखान्यातल्या जुन्या कारागिरानं, कप अर्धा भरताच वर हात धरला. शेजारच्यानंही तेच केलं. त्या लांब वळणदार काउंटरवर सगळ्यांचं तेच.

“कॉफी बिघडली का आज?”

“छे गं. वय झालं, अर्धा बास.”

“वय? पॅनकेकची चळत आत्ता कुणी चापली मग?”

हार्लन कपाकडे बघत पुटपुटला, “अर्धा असला की सांडत नाही, लव्हॉन.”

तिचा चेहरा पडला. पलीकडून ड्वेन बघतोय, हे तिला काचेत दिसलं. दोन्ही हातांनी भांडं धरतात त्या नवशिक्या पोरी, असं ती आजवर हिणवत आली होती. मग डाव्या हातात जाड फडकं घेऊन तिनं भांड्याला खालून आधार दिला.

“हात काढ. अर्धा कप मी कुणाला वाढलेला नाही. तुला तर नाहीच.”

हार्लननं हात काढला. मग कप बशीतून उचलून त्यानं हळूच भांड्याच्या तोंडाला टेकवला. कप काठोकाठ भरला. शेजारच्यानंही आपला कप उचलला, त्याच्या पलीकडच्यानंही.

सोमवारी मेनूंचा गठ्ठा घेऊन दाराशी ड्वेन स्वतःच उभा होता.

“ताठ उभा राहा, राजा,” भरलेलं भांडं दोन्ही हातांत सांभाळत लव्हॉन जाता जाता म्हणाली, “वारशाची इमारत आहे.”