ताईच्या तळहातावरचं दही

आमच्या न्यू जर्सीतला कायदा असा, की मरायचं औषध डॉक्टर लिहून देतील, पण ते आजारी माणसानं स्वतःच्या हातानं घ्यायचं. दुसऱ्यानं पाजायचं नाही. आणि माझ्या ताईचा आजार नेमका हात लुळे करणारा! ती आणि भावजी आमच्याच घरी राहायला आले होते. दोन डॉक्टरांनी होकार दिला होता, औषध कपाटात येऊन पडलं होतं, आणि हात कधी दगा देतील याचा नेम नव्हता.

म्हणून रोज सकाळी भावजी टेबलावर तिच्यासमोर पाण्याचा पेला ठेवायचे. स्वतः रिटायर्ड डॉक्टर, पण तिनं तो उचलेपर्यंत श्वास रोखून बसायचे. मी सिंकपाशी उभी राहून मनात म्हणायची, सांड गं बाई, एकदा तरी सांड. हात गेले की ती जाऊ शकणार नाही, एवढंच मला कळत होतं. तिचे फार हाल होतील, असं भावजी समजावायचे. खड्ड्यात गेले हाल! मला माझी बहीण हवी होती.

एके दिवशी पेला निम्मा सांडला. भावजींनी टेबल पुसलं. ताई म्हणाली, "शनिवारी करून टाकू या."

त्या आठवड्यात घर भलतंच सुरळीत चाललं होतं. मंडळातल्या एका काकूंचा हळदीकुंकवाला बोलवायला फोन आला. ताई म्हणाली, "अय्या, शनिवारी नाही जमायचं हो, मी नाहीये."

"ट्रिपला चाललात का?"

"हो ना," म्हणाली, आणि फोन ठेवून इतकी हसली की माझ्या अंगावर काटा आला.

शनिवारी नर्स आली. दुधानं औषध नीट लागू पडत नाही, त्या दिवशी दूधदुभतं द्यायचं नाही, असं तिनं आधीच बजावलं होतं. ताई इस्त्रीची साडी नेसून सोफ्यावर बसली होती, कुठे लग्नाला निघाल्यासारखी. भावजींनी पेल्यात औषध कालवलं आणि म्हणाले, "चला." तो शब्द ऐकला आणि मी उठले, फ्रीज उघडला, चमचाभर दही तिच्या तळहातावर घातलं. परीक्षा असो, प्रवास असो, आईनं आम्हाला दह्याशिवाय कधी उंबरा ओलांडू दिला नाही. माझ्या हातून ते आपोआप झालं.

नर्सला काही कळेना. ताईनं तळहाताकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"वेडे, हे परत येण्यासाठी देतात."

"माहितीये मला," मी म्हटलं.

तिनं तळहात स्वच्छ चाटला. "मग आता यावं लागेल," म्हणाली. पदराला हात पुसले आणि पेला उचलला. एक थेंब सांडला नाही.

तेव्हापासून मी पुढचं दार लॉक करत नाही. रोज सकाळी टेबलावर तिच्या जागी पाण्याचा पेला भरून ठेवते. भीती वाटते, खोटं कशाला बोलू? जिन्यात जरा काही वाजलं तरी मी दाराकडे बघते. पण नवरा तो पेला आवरायला गेला की मी त्याच्या अंगावर ओरडते. हात लावू नकोस त्याला. तो तिचा तिनंच उचलायचाय.