दाजींची पट्टी

दाजींची पट्टी संडासात लावली ती आण्णांनी. मी नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण चांदे गावात आता वेगळंच ऐकायला मिळतं.

आण्णा म्हणजे आमचे घरमालक. शेत होतं तिथं त्यांनी तीन मजली बिल्डिंग ठोकली. वरच्या फ्लॅटमध्ये मी आणि माझा दोस्त यासीन भाड्याने राहायचो. इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा मी अर्ध्यात सोडलेला. बापाची अट एकच: रूम आहे तोवर तुझं तू बघ, रूम गेली की घरी यायचं आणि गपगुमान कॉलेजला जायचं. थोडक्यात, माझं स्वातंत्र्य आण्णांच्या छताला टांगलेलं. जुनी ट्यूब खोलली की मेलेले किडे पडतात आणि सोबत एखादा किस्सा पडतो. असे किस्से माझ्याकडे बरेच साठलेत.

*

आण्णांच्या छताला हात लावायला बंदी होती. कारण वास्तुशांतीला पाहुण्यांनी आहेरात ट्यूब बसवायच्या पट्ट्या दिलेल्या! भांड्यांवर नाव घालतात तसं प्रत्येक पट्टीवर देणाऱ्याचं नाव, लाल ऑइलपेंटमध्ये. आम्ही बसायचो मामांच्या सप्रेम भेटीखाली आणि मॅगी करायचो साडूंच्या सप्रेम भेटीखाली.

राहायला आलो त्याच दिवशी यासीनने विचारलं, पट्टी बदलली तर चालेल का?

आण्णा म्हणाले, "मामा जित्ता हाय अजून."

*

आण्णांची बायको, म्हणजे मावशी, रोज दिवेलागणीला वर यायच्या. भाडेकरू असला तरी वास्तू त्यांची. मी बटण दाबायचं, त्यांनी दिव्याला हात जोडायचे. आमची ट्यूब फडफडायची, थांबायची, परत फडफडायची. मावशींची प्रार्थना संपायची, खालच्या सुनेचा विषय संपायचा, तरी हात जोडलेलेच.

एके दिवशी ट्यूब लागलीच नाही. मावशींनी वर बघितलं, मग माझ्याकडे बघितलं.

"तू कालिजात काय शिकलास मग?"

हे मला लागलं. मी आण्णांना गाठून सांगितलं की पट्टी तीच राहील, नाव तेच राहील, फक्त आतला चोक आणि स्टार्टर काढून थेट एलईडी ट्यूब बसवतो. मामांना कळणारही नाही. आण्णा दोन दिवस फुगले आणि शेवटी 'बघ बाबा' म्हणाले. यासीनच्या अब्बांचं पौडला इलेक्ट्रिकचं दुकान आहे. माल तिथून आला.

*

मी स्टुलावर चढलो आणि आण्णा मेन स्विच बंद करायला खाली गेले. परत आले ते भाषण करतच: आमच्या येळंला एवढे लाड नव्हते, चाळीस वर्सं मी घरची लाईट बघतोय, शिक्षण सोडणाऱ्या पोरांचं पुढं काय होतं, वगैरे. बंद केलं ना, असं मी विचारलं. छातीवर हात मारून हो म्हणाले.

मी तरी टेस्टर लावला. पेटला.

तेवढ्यात खालून मावशींचा आवाज आला, "माझी शिरियल कुणी बंद केली रं?"

चाळीस वर्षांचा अनुभव असलेल्या माणसाने स्वतःच्याच घराची लाईट घालवली होती. मी खाली जाऊन आमचा मेन स्वतः बंद केला. शिक्षण सोडलंय, अक्कल नाही.

*

संध्याकाळी मावशी आल्या. मी बटण दाबलं आणि खाडकन उजेड! मावशींचे हात अजून पदरातच.

"बंद कर," त्या म्हणाल्या. "परत लाव. माझं ऱ्हायलं."

दुसऱ्यांदा हात वेळेवर जोडले गेले. जाताना म्हणाल्या, लई ग्वाड उजेड हाय. मग खालच्या सुनेने बोलावलं, मग मधल्या मजल्याने. बघता बघता अख्खी बिल्डिंग मी केली. एकही जोड सैल नाही. आजही जाऊन तपासा.

*

आण्णा गावभर मिरवायला लागले. मिरवता मिरवता कासार आंबोलीच्या दाजींना, म्हणजे बहिणीच्या नवऱ्याला, उजेड बघायला घेऊन आले. मागून मावशी. दाजी मान वर करून एकेक नाव वाचत सगळा फ्लॅट फिरले. हॉलमध्ये मामा, किचनमध्ये साडू, बेडरूममध्ये व्याही.

"माझी पट्टी कुटं हाय?"

आण्णांना एकदम खोकला आला. नेमका तेव्हाच यासीन संडासातून बाहेर आला. दार उघडं, वर लाल अक्षरं. सवयीप्रमाणे त्याने लाईट बंद केली.

आण्णा म्हणाले, "ह्या पोरांनी बदलली आसंल. मी तर हालात लावली व्हती."

गप्प बसलो असतो तर रूम राहिली असती. ते मला तेव्हाही कळत होतं.

"आण्णा, मी फक्त आतलं बदललं," मी म्हणालो. "जागा तुमची, भोकं तुमची. आमी यायच्या आधीपासनं दाजी हितंच हायेत."

दाजी संडासाच्या दारात जाऊन उभे राहिले.

"लाव रं."

मी बटण दाबलं. खाडकन उजेड पडला, नाव लख्ख. मागे मावशींनी हात जोडले. आण्णांनी जोडले. आणि स्वतःच्या नावाकडे बघत दाजींनीही जोडले.

महिनाअखेरीला रूम गेली.