दहा कड्यांचं माप

मापाडी हे काही त्याचं खरं नाव नव्हे, पण बंदरावर दुसऱ्या कुठल्या नावाने हाक मारली असती तर त्याने मागे वळूनही पाहिलं नसतं. बोटींच्या सामानाच्या दुकानात तो सव्वीस वर्षं साखळ्या विकत होता, आणि विकण्यापेक्षा न विकण्याबद्दलच जास्त प्रसिद्ध होता. गिऱ्हाईक आत येऊन म्हणालं, "दहाची साखळी द्या, पन्नास मीटर," की तो स्टुलावरून उठतही नसे. "कुठल्या चाकाला?" एवढंच विचारी.

प्रश्न रास्त होता. नांगर वर ओढणाऱ्या विंचच्या चाकाला खोबण्या असतात आणि साखळीची एकेक कडी एकेका खोबणीत बसावी लागते. पण जाडीला दहा मिलिमीटर असलेली कडी लांबीला दोन प्रकारची येते. एका मापाच्या दहा कड्या ताणून धरल्या तर अठ्ठावीस सेंटिमीटर भरतात, दुसऱ्या मापाच्या तीस. फरक कडीमागे दोन मिलिमीटरचा. तेवढ्यावरून कोणी भाऊबंदकी करणार नाही, पण साखळी चाकावरून उडते. आणि खाली नांगराचं ओझं लटकत असताना उडालेली साखळी समोर कोण उभं आहे याची चौकशी करत नाही. "एक कडी थापा मारते, दहा मोजा," हे त्याने इतक्यांदा ऐकवलं होतं, की त्याने तोंड उघडलं की अर्धं वाक्य गिऱ्हाईकच पुरं करी.

त्या दिवशी सकाळपासून मात्र त्याचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. स्टुलावर बसे, उठे, दारापर्यंत जाई, समुद्राकडे बघे, परत येई. कारण होतं एक आवाज. टक.

त्याची धाकटी बहीण पाणबुड्यांना घेऊन जाणारी बोट चालवायची. स्वभावाने अशी, की दोन सांगितलं तर एक ऐकायची, तेही दुसऱ्या दिवशी. तिची जुनी साखळी गंजून गेली म्हणून आदल्या दिवशी ती सगळीच्या सगळी दुकानामागच्या अंगणात आणून ओतली गेली होती. विंचच्या चाकावरचा आकडा केव्हाच झिजलेला, तेव्हा माप घ्यायचं ते जुन्या साखळीवरूनच. ढिगाऱ्यात वर नांगराकडचं टोक होतं. त्याच्या दहा कड्या मापाड्याने ताणल्या आणि पट्टी लावली. शेजारी बहीण एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होती.

"दादा, मोजतोयस की मुलाखत घेतोयस?"

एकोणतीस आणि वर चार रेघा. अठ्ठावीसपेक्षा तीसच्या जवळ. त्याने तीसची साखळी दिली. आज सकाळी बोटीवर चढवली, धक्क्यावरच चार मीटर खाली-वर करून पाहिली. सगळं छान, फक्त मधूनच टक. "नवा मुलामा आहे जस्ताचा," तो म्हणाला, "बसेल हळूहळू." नऊ वाजता बोट गेली.

मुलामा बसेल हे खरंच. मग मनात पाल का चुकचुकत होती? अकरा वाजता त्याला राहवेना. तो मागच्या अंगणात गेला, बाही वर सारली आणि तो गंजका ढिगारा उलटापालटा करत साखळीचं दुसरं टोक शोधून काढलं. हे टोक बोटीच्या कोठीत तळाशी पडून राहिलेलं. इतक्या खोल पाण्यात तिने कधी नांगर टाकलाच नव्हता, त्यामुळे वर्षानुवर्षं त्याने ना ओझं पाहिलं होतं ना चाक. दहा कड्या. पट्टी. अठ्ठावीस.

पुन्हा मोजलं. पोलाद भिडेखातर काही लांबत नाही. अठ्ठावीस.

साखळी वापरून वापरून झिजते आणि ताणते, ती आखडत नाही, हे त्याने स्वतः निदान दोनशे माणसांना सांगितलं असेल. एकोणतीस-चार म्हणजे आखडलेली तीस असूच शकत नव्हती. ती लांबलेली अठ्ठावीस होती. एवढी साधी गोष्ट त्याच्या डोक्यात आली नाही, कारण शेजारी कोणीतरी घाई करत होतं आणि त्याला आपण हळू आहोत हे कबूल करायचं नव्हतं.

त्याला धास्ती साखळीची नव्हती, बुटाची होती. नांगर वर घेताना साखळी चाकावर नीट बसावी म्हणून तिला चाकालगत बुटाच्या टाचेने दाबून धरायची बहिणीला सवय होती. दहा वेळा सांगून झालं होतं.

फोन लावला. फोन कुठल्याशा बाईच्या आवाजात म्हणाला की संपर्क होऊ शकत नाही. मग राहिला वायरलेस. दुकानात काउंटरवरच होता, गिऱ्हाइकांना दाखवायला कायम चालू. अडचण एकच: त्यावर बोललेलं बंदरातल्या एकूण एक बोटीवर ऐकू जातं. मापाडी हातात माईक धरून उभा राहिला. 'थोडी तांत्रिक अडचण' असं म्हणून बघावं का, हा विचार त्याने केला. पुरं अर्धं मिनिट केला. पुढे कित्येक दिवस त्याला चुकीपेक्षा त्या अर्ध्या मिनिटाचीच जास्त लाज वाटत होती. मग बटण दाबून त्याने बहिणीच्या बोटीला हाक दिली.

"दादा? तू वायरलेसवर कसा?"

"नांगर टाकलास?"

"तासभर झाला. चाळीस मीटर सोडलीय. दोघं पाण्यात आहेत, आता येतीलच वर."

"विंचने उचलू नकोस. साखळी चुकीची आहे."

मध्येच तिसराच आवाज. जाळ्याच्या मोठ्या बोटीचा तांडेल, ज्याला मापाड्याने तीनदा साखळीशिवाय परत पाठवलं होतं. "विकली कोणी हो ती?"

"मी," मापाडी म्हणाला.

"परत सांगा, नीट ऐकू नाही आलं."

"मी विकली. मोजायला चुकलो. आता चॅनल मोकळा करा, तिच्याशी बोलू द्या."

तांडेलाने चॅनल सोडला. तेही पहिल्यांदाच.

"हळूच घेते ना," बहीण म्हणाली. "टाचेने दाबून—"

"पाय ठेवलास तर तोंड दाखवू नकोस मला! ऐक. चाकाच्या शेजारी गुळगुळीत ढोल आहे ना, दोराचा? साखळीत हूक अडकव, हुकाला दोर, दोर ढोलावर. तीन मीटर घे, साखळी खुंट्याला बांध, हूक पुढे सरकव, पुन्हा तीन."

"चाळीस मीटर असंच? दिवस जाईल."

"जाऊ दे."

त्यानंतर वायरलेस मुका झाला. मापाडी दुकानात येरझारा घालत राहिला. एक म्हातारं गिऱ्हाईक दोर घ्यायला आलं, बारा मीटर. त्याने हाताने अंदाजे ओढला आणि कापून दिला. म्हातारा दोराकडे बघत राहिला, मग त्याच्याकडे. "बरं नाही का?" त्याने विचारलं. मापाड्याने मान हलवली. हो की नाही, ते दोघांनाही कळलं नाही. काटा पुढे सरकतोय की नाही म्हणून त्याने भिंतीवरचं घड्याळ दोनदा मनगटावरच्या घड्याळाशी पडताळलं. दोन्ही बरोबर होती, त्याने काही बरं वाटलं नाही.

सव्वा तासाने खरखर झाली.

"आला नांगर वर. आणि ऐक, एक बूट गेला."

"बूट की पाय?"

"बूट म्हणतेय ना! शेवटच्या पाच मीटरला वाटलं, बघावं तरी, तू खरं बोलतोयस का. रिकामा बूट काठीच्या टोकाने साखळीवर दाबून धरला आणि विंच चालू केला. उडाली. बूट चाकात गेला. टाच राहिलीच नाही."

"आणि तू?"

"काठीच्या दुसऱ्या टोकाला होते."

दुपारी बोट धक्क्याला लागली तेव्हा मापाडी हातगाडीवर अठ्ठावीसची साखळी घेऊन उभा होता. बहीण एका पायात बूट आणि एका पायात नुसता मोजा अशी उतरली आणि दुसऱ्या बुटाचं उरलेलं लक्तर तिने गाडीवर टाकलं. मग त्याने नव्या साखळीच्या दहा कड्या या टोकाने मोजल्या, दहा त्या टोकाने, दहा मधल्या. बोटीवर चढून, गुडघे टेकून चाकाच्या खोबण्यासुद्धा मोजल्या, जे त्याने काल करायला हवं होतं.

"घे," ती खुंट्यावर बसत म्हणाली, "मुलाखत नीट घे."

साखळी चढली. चार मीटर नव्हे, सगळी पन्नास खाली सोडली, सगळी वर घेतली. तो चाकाला कान लावून बसला होता. टक झालं नाही.

"झालं समाधान?"

"पुन्हा एकदा," तो म्हणाला. "आणि पाय मागे घे."

तिने मागे घेतला. मोज्यातला.